दुहेरी फडकं

माय, तुझ्या घोट्यावरचा नारूचा व्रण आज मला दुसऱ्या एका बाईच्या पायावर दिसला. लातूर जिल्हा नवाच झाला होता आणि पाऊस नव्हता, तेव्हा तू बारवेच्या तळाशी उतरून पाणी आणायचीस. पायातून निघालेला पांढरा दोरा काडीला गुंडाळून तू चुलीपुढे बसायचीस. रोज थोडाच ओढायचा. तुटला तर पाय सुजतो. त्यानंतर तू हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं बांधू लागलीस. एकदा मी न गाळताच पाणी घेतलं, तर तांब्या हिसकावलास. "भवाने, पायात साप पाळायचाय व्हय?" फडक्यावर बारीक पांढरे ठिपके उड्या मारत होते. नारू त्यांच्यातूनच पोटात जायचा.

आता आरोग्य खात्याच्या कामावर मी तेच ठिपके बाटलीतून घरोघर नेते. नारू संपला; आता हे जीव पिंपात सोडले की डासांच्या नुकत्या जन्मलेल्या अळ्या खातात. पिंप ओतून घासा, असं सांगायची सोय नाही. टँकर पुन्हा कधी येईल, कुणाला ठाऊक. रेणापूरजवळच्या गावात एका आजीचा थोरला नातू डासांच्या तापानं दवाखान्यात आहे. धाकटी नात पिंपाशीच खेळते. मागच्या खेपेला मी त्या पिंपात जीव सोडले होते. आज दोरीवर ओलं फडकं वाळत होतं.

"समदं गाळून घेतलं. तुमचे किडे बी गेले, डासांचे वळवळे बी गेले."

"आजी, डासांची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून राहतात. पाणी भरलं की पुन्हा अळ्या होणार. प्यायचं तेवढंच गाळा ना."

"पिंप एकच हाय. लेकरू कवाबी तांब्या बुडवतंय." तिनं लुगडं जरा वर करून घोट्यावरचा व्रण दाखवला. "हे बघा."

"नारू आता राहिला नाही, आजी."

"गेला कशानं? गाळूनच गेला की! आन् आता तुमीच आणून सोडा पुन्हा."

ती हसली. मला हसता आलं नाही. निघताना मी नातीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गरम होतं. आजी म्हणाली, "उन्हात खेळलीय." मी पुन्हा बाटली पुढे केली. तिनं नकारार्थी मान हलवली. नात माझ्या बाटलीतल्या उड्या बघत राहिली.

हे पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही. बाटली पिशवीत तशीच आहे. आमच्या दारातही पिंप भरलेलं आहे, माय. त्यात बाटली मी अजून ओतलेली नाही.