पत्रभर त्याचंच कौतुक

प्रिय बाईसाहेब,

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

तुझा शिवणकामाचे नमुने काढायचा प्रोग्राम आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालू लागला, हे वाचून बरं वाटलं. पण पत्रभर तो चालवून देणाऱ्या इंटरनेटवरच्या गृहस्थाचंच कौतुक. किती शांतपणे समजावतात म्हणे. अगं, एका मशीनचा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर चालता करायचा, हेच तर मी इथे नोकरीत दिवसभर करतो.

त्याने लिहिलेला कोड सगळ्यांना खुला आहे, म्हणून चुका काढायलाच उतरवून घेतला. मेला पहिल्याच फटक्यात, एकही चूक न दाखवता कंपाइल झाला. कोड इतका सुबक, की वाचल्यापासून घास गोड लागत नाही.

शेवटी नाइलाजाने त्याला लिहिलं, "माझ्या बायकोला मदत केलीत, आभारी आहे." त्याचं लगेच उत्तर आलं. खरंच शांत माणूस आहे. त्यामुळे आणखीच जळफळाट झाला.

तू लिहितेस, "तू दमलेला असतोस, म्हणून त्यांना विचारलं." मी दमलेला असलो तरी मला विचारत जा. मलाही नाही जमलं, तर दोघं मिळून त्याला विचारू.

तुझाच,
घरचा तंत्रज्ञ