एकच जीप हरवल्याबाबत व सापडल्याबाबत

प्रति,
मा. वाहन नोंदणी अधिकारी,
वाहन नोंदणी व तपासणी कार्यालय
(खिडकी क्रमांक ३ मार्फत)

विषय : माझी जीप हरवल्याचा खुलासा, तीच जीप सापडल्याचे निवेदन, व ती एक दिवस चालवू देण्याची विनंती.

संदर्भ : १) आपली ‘बेवारस वाहन’ नोटीस. २) आपली ‘वाहन हजर करा’ नोटीस. ३) जीपच्या काचेवर चिकटवलेला कागद. ४) माझे यापूर्वीचे सहा अर्ज (पोच आहे, उत्तर नाही).

महोदय,

१. मी पाणीपुरवठा खात्यातील निवृत्त पंपचालक आहे. माझ्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली एक जुनी जीप उभी आहे. चारही चाकांना जोर मिळत असल्याने ती दगडधोंड्यांतूनही चालते. एकोणतीस वर्षे मी ती घरीच दुरुस्त करीत आलो. क्लच प्लेट दोनदा बदलली, ब्रेक लायनर किती वेळा ते आठवत नाही, आणि मागचे पाटे (स्प्रिंगा) मी व पत्नीने मिळून उतरवले व चढवले. मी गाडीखालून नुसता हात बाहेर काढला तरी ती बरोबर तोच पाना हातात ठेवते. जीप आजही पहिल्या किल्लीला सुरू होते. ही फुशारकी नसून पुढील मजकूर समजावा म्हणून लिहीत आहे.

२. मागील तपासणीस आलेल्या आपल्या उंच निरीक्षकांनी ‘चॅसी नंबरच्या जागी गंज, काढून रंग द्यावा’ असा शेरा मारला. सरकारी शेरा मी आयुष्यभर मनावर घेत आलो. घासणीचे यंत्र आणून तो गंज मी मुळापासून काढला, वर रेड ऑक्साइडचे दोन हात व काळ्या रंगाचा एक हात दिला. गंजाबरोबर सांगाड्यावर कोरलेला नंबरही गेला हे माझ्या लक्षात आले नाही. पत्नीच्या लक्षात आले होते. तिने ‘अहो, ते आकडे कुठे गेले?’ असे विचारले असता मी ‘खाली आहेत’ असे सांगितले. ते खाली नव्हते. ही चूक सर्वस्वी माझी आहे.

३. त्यानंतर आलेल्या ठेंगण्या निरीक्षकांना नंबर न दिसल्याने त्यांनी ‘ओळख न पटलेले वाहन’ अशी नोंद केली. पुढे दोन नोटिसा एकाच टपालाने आल्या. पहिलीनुसार माझ्या अंगणात कुणाचे तरी बेवारस वाहन असून पंधरा दिवसांनी ते भंगारात जाईल. दुसरीनुसार माझ्या नावावरील जीप मी दडवली असून ती आपल्या आवारात हजर करावी. हजर करायला निघालो, तर काचेवर कागद : ‘वाहन जागेवरून हलवू नये.’ खिडकी क्रमांक ३ वरील बाईंनी तिन्ही कागद नीट वाचले, चष्मा काढला आणि ‘काका, तुम्ही साहेबांनाच लिहा’ म्हणाल्या. म्हणून हा सातवा अर्ज. खरे सांगायचे तर आता लिहिण्याचाही कंटाळा आला आहे.

४. एवढी धडपड कशासाठी, असे आपल्यास वाटेल. पत्नीची थोरली बहीण, जिला आम्ही सर्व ताई म्हणतो, डोंगरावर एकटी राहत असे. तिच्या घराकडे शेवटचे सात किलोमीटर रस्ता नाही, कोरड्या ओढ्याचे पात्र आहे. तेथे ही जीप सोडून दुसरे वाहन जात नाही. गेल्या हिवाळ्यात ताईंची नजर अधू झाली, तेव्हा मेंढपाळाने त्यांना खेचरावर बसवून आमच्याकडे आणून सोडले. पाठ इतकी धरली की खेचरावर पुन्हा बसणे आता शक्य नाही. त्या येथे सुखात आहेत, परंतु रोज सकाळी उठल्यावर आपले गाठोडे बांधतात व संध्याकाळी पत्नी ते सोडते. ते मला बघवत नाही.

५. काचेवरच्या कागदात इंजिन सुरू करू नये असे म्हटलेले नाही. म्हणून गेले दहा दिवस दुपारी चारला मी ताईंना पुढच्या सीटवर बसवतो, पत्नी मागे बसते आणि मी जागच्या जागी इंजिन चालवतो. पत्नी वाट सांगते : पडकी चौकी, बाभळी, मग ओढा. ताईंना सर्व ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, ‘हलत नाहीये ते कळतं मला. पण चालू दे, आवाज बरा आहे.’ रोज जिथवर जाऊ तिथून दुसऱ्या दिवशी पुढे निघतो. काल आम्ही ओढ्याच्या तिसऱ्या वळणापर्यंत पोहोचलो. तिथून घर दोन वळणांवर आहे. काल उतरताना ताई म्हणाल्या, ‘परवा पोचू. मग काय करायचं रे?’

६. सबब विनंती की, हरवलेल्या जीपचा मालक व सापडलेल्या जीपचा शोधक या दोन्ही नात्यांनी मला केवळ एक दिवस ती चालवण्याची लेखी परवानगी मिळावी. आम्ही दोघेही ताईंसोबत तेथेच राहू. ताईंना व पत्नीला घरी पोहोचवून मी त्याच दिवशी जीप आपल्या आवारात आणून लावीन. नंतर ती बेवारस समजावी अथवा माझी समजावी, माझी तक्रार राहणार नाही. तेथून मी वर चालत जाईन.

गाडी ओढून नेण्यास माणसे आधीच पाठवावयाची झाल्यास दुपारी चार ते साडेपाच या वेळेत पाठवू नयेत. त्या वेळी आम्ही प्रवासात असतो.

आपला थकलेला पण नम्र,
(सही)
निवृत्त पंपचालक

दिनांक : नोटिशीचा अकरावा दिवस

सोबत :
१) दोन्ही नोटिसांच्या प्रती.
२) काचेवरील कागदाची हाताने उतरवलेली नक्कल (मूळ कागद हलवलेला नाही).
३) उंच निरीक्षकांचा शेरा.
४) रेड ऑक्साइडच्या डब्याचे झाकण.
५) जीपची दुसरी किल्ली, आगाऊ जमा. पहिली ताईंच्या गाठोड्यात असते, दुपारी चारला त्याच काढून देतात; ती कायमची मागण्याचे धाडस झाले नाही.