दोघी जावांची मान

मंगळवार, संध्याकाळ. अंबरनाथ

डोकं चालेनासं झालंय. मानदुखीवरच्या माझ्या अभ्यासात कुळगावच्या दोन जावा आहेत. कुणाला कोणता उपाय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं; थोरलीला व्यायाम आला, हनुवटी आत ओढायचा, आणि धाकटीला नुसता शेक. जास्त फरक कशाने पडतो, तेच तर मला बघायचंय.

आज धाकटीने मान दोन्हीकडे सहज वळवली. मी खूश. नुसत्या शेकाने एवढं? तर म्हणते, "जाऊबाई भाकऱ्या झाल्या की रोज व्यायाम करून घेतात ना माझ्याकडून!"

बाहेर बसलेल्या थोरलीला विचारलं. तिलाच नवल वाटलं. "मॅडम, एका घरात राहून मी एकटीच बरी होऊ?"

आता काय करू? दोघींना अभ्यासातून काढू? मार्गदर्शक सरांना काय सांगू? एका घरातल्या दोघींना घेतलं मीच ना? पण दोघींची मान दुखायची थांबली, ते वाईट कसं?

निघताना धाकटी करून दाखवत होती, हनुवटी पुढे काढून. म्हणजे उलटंच! मग बरी झाली कशाने? "शिकवणं बंद करा" म्हणायला मी तोंड उघडलं आणि थोरलीला म्हणाले, "अहो, तिला हनुवटी आत घ्यायला सांगा."