पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी कुठे होतो

चिखली,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्राची,
सप्रेम जय भीम.

सकाळी कामावर गेलो, संध्याकाळी परत आलो. बियाण्याच्या पाकिटांची छपाई चालू आहे. तब्येत बरी आहे. तू दिलेली चटणी अजून पुरते आहे.

फोनवर तू विचारलंस, असं काय बिघडलं होतं की समताच्या पुण्यानुमोदनाच्याच दिवशी मला घर सोडून छापखान्यात जावं लागलं. मशीनवर प्रत्येक रंगाजवळ सेन्सर असतो. पाकिटाच्या प्लास्टिक फिल्मच्या कडेची खूण बघून तो कंट्रोलरला कळवतो, मग रंग जागेवर बसतो. आता सगळे सेन्सर एकाच नेटवर्कवर आहेत. निरोप ठरल्या क्षणी पोचला पाहिजे. उशिरा पोचला तर बरोबर असूनही उपयोग नाही, फिल्म पुढे गेलेली असते. त्या दिवशी पाकिटावरच्या मिरचीचा लाल रंग मिरचीबाहेर सांडत होता. कोणीतरी गेटवरचा नवा कॅमेरा मशीनच्याच नेटवर्कला जोडला होता. त्याच्या चित्रांच्या गर्दीत सेन्सरचे निरोप रखडत होते. मी ती वायर काढली आणि मिरची जागेवर आली.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पुढचं नाही.

कामावरून बोलावणं आलं, असं मी निघताना म्हणालो. ते खोटं होतं. काय करायचं, एवढंच ऑपरेटरने फोनवर विचारलं होतं. मला समताच्या फोटोपुढे बसवत नव्हतं, म्हणून मी उठलो. अब्दुल गनी शेठ मला गेटवर बघून ओरडले, "तुम्ही काऊन आले? घरी जा! मिरची लाल नाही छापली त काय तिखट लागनार नाही?" मी ऐकलं नाही.

आणि रंग बसला तेव्हा मी हसलो, प्राची. ऑपरेटरला टाळी दिली. तेवढा वेळ समता गेली हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

घरी परतलो तर बुद्धवंदना होऊन गेली होती. माझ्या मागोमाग शेठ फुलं घेऊन आले. तू सगळ्यांसमोर त्यांना म्हणालीस, "माह्या बहिणीच्या फोटोपुढं तिच्या नवऱ्याले बसू देलं नाही तुम्ही. छापा आता पाकिटं!" शेठनी माझ्याकडे पाहिलं. मग तुला म्हणाले, "हाव ताई, गलती झाली." मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

ही गोष्ट तुमच्या अमडापुरात फिरली. तिथल्या दोघांना घरचे आता शेठकडे कामावर पाठवत नाहीत. आज शेठना म्हणालो, प्राचीला खरं कळवतो. ते म्हणाले, "जाऊ द्या ना. बाई दुःखात होती, कोनावर तरी निघनारच होतं." असं म्हणून ते कामाला लागले. मला तिथून हलवेना.

तुझा राग माझ्या वाट्याचा होता, तो त्यांनी घेतला. त्या दोघांच्या घरी हे पत्र वाचून दाखव. माझं नाव घेऊन सांग.

खाली ‘तुझे भाऊजी’ लिहिणार होतो, राहू दिलं; नुसतं नाव लिहितो. नळ आलेत. पाणी भरायला उठतो.

धम्मरत्न