तिसरी खुंटी

बाबूजी, टॉवर उभा राहिला. तुम्ही असतात तर आधी वर बघितलंच नसतं. खाली वाकून एकेक खुंटी तपासली असती, तार हलवून पाहिली असती. मीही तसंच केलं. मग 'बरोबर आहे' म्हणायला कोणी नाही, म्हणून घरात आले आणि चहा ठेवला.

शाळेतून निवृत्त होऊन गावी आले तेव्हा वाटलं होतं, तुमचा हॅम रेडिओ आहे, दिवस जातील. पण मागची झाडं फार वाढलीत आणि छपरावरच्या तुमच्या जुन्या तारेवर खरखरीशिवाय काही येईना. एके दिवशी जाणवलं की सकाळपासून मी फक्त किराणा दुकानात 'साखर द्या' एवढंच बोलले आहे. त्याची मला भीती वाटली. तेव्हाच टॉवर उभारायचं ठरवलं. लोकांना मी हौस म्हणून सांगितलं, खरं कारण हे होतं.

हॅम रेडिओची परीक्षा दिली, दिल्लीहून परवाना आला. साऱ्या जगाशी बोलायची मुभा मिळाली, पण लोखंड उभं करायचं तर ग्रामपंचायतीची ना हरकत हवी. गावाला वाटलं मोबाइलचा टॉवर येतोय, त्यामुळे कधी नव्हे ती ग्रामसभा भरली. सरपंचबाईंनी विचारलं, "मंग बाई, रेंज भेटन ना आमाले?" मी म्हटलं, नाही, यावर मी एकटीच बोलणार. अर्धी सभा तिथेच उठली. एक म्हातारे भाऊ मात्र बसून राहिले. "लोखंड ईज ओढते. रोवन्याच्या दिवसात आमच्या बाया धानाच्या बांधीत असते, त्याईचं काय?" त्यांची भीती खोटी नव्हती. वीज जमिनीत उतरवायची जाड तार लावीन, असं मी सांगितलं. मग ग्रामसेवकाने नकाशा पाहिला. खांबाला तीन बाजूंनी तारांचा ताण लागतो, आणि आपलं आवार पडलं निमुळतं. तिसरी खुंटी शेजारणीच्या अंगणात जात होती. "त्या बाईले विचारून या," तो म्हणाला, "मंग पाहू."

शेजारीण तीच, जिला तुम्ही कुंपणावरून मोहफुलांचा भाव विचारायचात. आमचं भांडण काहीच नाही. आल्यावर पहिले काही दिवस बोलायचं राहून गेलं, आणि नंतर राहून गेलं याचीच लाज वाटू लागली. कुंपणाला वळसा घालून तिच्या दारात जायला मला ग्रामसभेत उभं राहण्यापेक्षा जास्त धीर लागला.

ती धान पाखडत होती. मी सगळं समजावलं.

"हे टावर कशाले पाह्यजे बाई?"

"बोलायला."

"कोनासंग?"

"जो ऐकेल त्याच्याशी. केरळ, जपान, कोणीही."

तिने सूप खाली ठेवलं. "मले तं तुमच्या घरातला खोकला बी आयकू येते. माह्यासंग काऊन नाई बोलत?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. तिच्यादेखत माझे डोळे भरून आले. तिने दुसरीकडे बघत म्हटलं, "गाडा खुटी. माह्या बकऱ्या तारेत अडकल्या नाई पाह्यजे, बस." खुंटी बसली त्या दिवशी तिनेच तारेला लाल चिंधी बांधली.

तुमचं पोंभुर्ण्याचं वनखात्याचं ऑफिस आठवतं. मी लहान आहे, तुम्ही वायरलेसवरून जंगलातल्या नाक्यांना एकेक करून हाक मारताय. मी माइक हिसकावते आणि बटण दाबून वाटेल ते बडबडत सुटते. तुम्ही माझं बोट उचलता. "बटन दाबून ठेवशीन तं समोरच्याचं आयकू कसं येईन?" मी रडायला लागते. तेवढ्यात लांबच्या नाक्यावरचा चौकीदार खरखरीतून विचारतो, "पोरी, जेवली का?" तेव्हा मला फार गंमत वाटली होती. आता वाटतं, त्या जंगलात त्याला हे विचारायला दुसरं माणूसच नव्हतं.

टॉवर लागला त्या संध्याकाळी केरळातला एक माणूस स्वच्छ ऐकू आला. बोललो, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. छान वाटलं. रेडिओ बंद केला तेव्हा घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटलं, हेही तुम्हालाच सांगते. रेडिओवर बोलणं झालं की आठवण म्हणून पोस्टकार्ड पाठवायची तुमची रीत होती. देशोदेशीची ती कार्डं पेटीत आहेत, हे पत्रही तिथेच ठेवीन.

हल्ली शेजारीण तिसऱ्या तारेवर कपडे वाळत घालते. तार उतरती, कपडे खाली घसरतात, म्हणून चिमटे लावते. ओल्या लुगड्याने ताण बिघडतो, मला दर आठवड्याला तार आवळावी लागते. तुम्ही तिला एका शब्दात थांबवलं असतं. दिवस कलला की ती कपडे काढायला येते, कुंपणापाशी थांबते आणि विचारते, "जेवली का बाई?" मग आम्ही बराच वेळ बोलत उभ्या राहतो. तुमचे जुने दोस्त रेडिओवर येतात ती हीच वेळ. माझा रेडिओ तेव्हा बंद असतो, आणि त्या तारेवर कपडे घालायचे नसतात, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.