चिऱ्यांवरची गाडी

मालवण, ४ नोव्हेंबर २०२४

प्रिय डॅनियलदादास, इझाबेलचा स. न. वि. वि.

ऑपरेशननंतर गुडघा कसा आहे? फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर लिहिलं तर तुझी लेक वेनेसा लगेच माझ्या शेल्डनला कळवते, म्हणून हे पत्र.

माझ्या चिरंजीवांनी म्हापशाहून जुनी स्पोर्ट्स कार आणलीय. लाल, दोन दारांची, आणि इतकी बुटकी की आत शिरताना माझी कंबरच धरते. वाटेत एका गतिरोधकावर तिचं पोट घासलं, तेव्हापासून खालून ऑइल गळतंय. ते तो घरीच दुरुस्त करणार. आमच्या जुन्या गाडीचा जॅक हिच्याखाली जातच नाही. त्यावर सांतानने तोड काढलीय: रविवारी चर्चमधल्या मिसानंतर चौघांनी वासा घालून गाडी होडीसारखी उचलायची आणि खाली चिरे सारायचे. होडी चिऱ्यांवर रवता, मगे गाडी कित्याक नाय रवाची, असं त्याचं म्हणणं. माझा नवरा दर्यावर शहाणा, जमिनीवर मात्र देवच राखणार! मला झोप नाही रे. गॅरेजात तुझा जन्म गेला, कसला जॅक घ्यायचा ते कळव.

माया आहेच, ती उत्तराने दाखव.

तुझी इझाबेल

आरोंदा, ७ नोव्हेंबर

चि. इझाबेल हिस अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो, मी त्याहून जास्त. सांतानला सांग, होडी अंग टेकून बसते, पण गाडीचा भार बोटभर लोखंडी कडेवर येतो. तिथे जांभ्याच्या चिऱ्याचा भुगा होतो, आणि आधी कळतही नाही.

जॅक बुटका, चाकांचा हवा. पूर्ण खाली केल्यावर त्याचं डोकं गाडीखाली शिरलं पाहिजे. तरी अडलं, तर आधी गाडीची चाकं फळ्यांवर चढवायची. जमीन पक्की हवी, अंगणातली माती नको. जॅकने फक्त उचलायचं, मग लोखंडी स्टँड लावायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर झोपलेला एक जण मी बाहेर ओढलाय, त्याबद्दल लिहीत नाही. माझा जॅक आणि स्टँड सोमवारी एसटीने पाठवतो. तोवर कुणी खाली जायचं नाही. ऐकलंच नाही कुणी, तर निदान गाडीच्या पोटाखाली जाडा ओंडका टाक.

नवऱ्यावर फार रागावू नकोस, आणि म्हाताऱ्या भावाला विसरू नकोस.

डॅनियल

मालवण, १३ नोव्हेंबर

प्रिय दादास, स. न. वि. वि.

आधी हे वाच: शेल्डन सुखरूप आहे.

तुझं पत्र शनिवारी आलं. मी दोघांनाही वाचून दाखवलं. शेल्डन थांबायला तयार होता. पण शेजारच्या दाजीला आणि बाबलीला सांगून झालं होतं, आणि मेव्हण्याच्या पत्रासाठी त्यांना परत पाठवणं सांतानला कमीपणाचं वाटलं. रविवारी गाडी चिऱ्यांवर चढली. मी खूप भांडले. कुणी ऐकेना, तेव्हा होडी ओढताना खाली घालतात तो माडाचा ओंडका एकटीने लोटत आणून गाडीखाली सारला. सगळे हसले. शेल्डनही हसतच खाली शिरला.

चिरा फुटल्याचा आवाज फार मोठा नव्हता. लाल धूळ उडाली आणि गाडी खाली बसली, ती ओंडक्यावर. शेल्डनला ओढून काढलं, तेव्हा खांदा सोलवटला, तेवढंच. मी आधी त्याच्या थोबाडीत मारली, मग रडले.

तुझं पार्सल काल सकाळी आलं. जॅक जेमतेम शिरला, गाडी आता स्टँडवर आहे. शेल्डन मात्र तिच्याजवळ जात नाही.

सांतान रविवारपासून नीट जेवलेला नाही. तो ओंडका त्याने होडीकडे नेऊ दिला नाही, घरातल्या देवाच्या अल्तारासमोर आणून ठेवलाय. काल दुपारी तो त्याची जाडी वितीने मापत बसला होता. एक वीत आणि वर दोन बोटं. मग उठून निजलेल्या शेल्डनजवळ गेला आणि त्याच्या छातीशी तसाच हात धरला. एक वीत, वर दोन बोटं.

तुझा लोभ या घराला लागतोच, तो राहू दे.

तुझी इझाबेल