घरी सिंगापूर सांगायचं

शनिवार, ३ सप्टेंबर २०२२, अल रय्यान, कतार

घसा बसलाय. बसू दे. काल कारणी लागला!

मराठी मंडळाच्या गणपतीत अध्यक्ष श्यामरावांनी माइकवरून जाहीर केलं — "वर्ल्ड कप सुरू झाला की कुणालाच रजा नाही. म्हणून पुरुष मंडळींची बँकॉक सहल आधीच. घरी सिंगापूर सांगायचं! यल्ला, चला!" पुरुष हसले. बायकाही हसल्या! त्याचा मला जास्त संताप. देवव्रत तेवढा हसला नाही. मोदकाच्या ताटलीत मान घालून बसला होता. सभ्य आहे माझा नवरा.

मी माइक मागितला नाही, घेतला. म्हटलं, त्या देशात कोट्यवधी माणसं राहतात. भात लावतात, पोरांना शाळेत घालतात, पहाटे दारात उभं राहून भिक्षूंना अन्न वाढतात. तुम्हाला त्यातली एक गल्ली तेवढी माहीत, आणि तीही घरी सांगता येत नाही! आम्ही बायका जाणार. उघड जाणार. वाचून जाणार. आणि रात्रीचंही बघणार!

टाळ्या थांबेनात. नऊजणींनी तिथेच नावं दिली.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लई मोठ्यानं बोलतीस गं तू."

शुक्रवार, ९ सप्टेंबर

लुसैलच्या नव्या स्टेडियममध्ये सामना. अर्धं दोहा तिकडे. माझ्या वाचनाच्या बैठकीला तिघी.

आठवडाभर खपून टिपण केलं होतं. जागेच्या देवासाठी अंगणात बांधतात ती छोटी घरं, कुणाच्या डोक्याला हात का लावायचा नाही, तिथल्या लेखिकांच्या दोन कथांचा गोषवारा. नीताने कागद उलटसुलट केले. "गार्गी, व्हेज कुठे मिळेल ते कुठल्या पानावर आहे?"

देवा!

आणि अंतराने सहलीचा ग्रुप काढलाय. नाव काय? 'सिंगापूर ट्रिप'! फोन केला.

"अगं, सासूबाई माझा फोन बघतात. बँकॉक म्हटलं की त्यांच्या डोक्यात भलतंच येतं."

"मग ते डोक्यातून काढायला नको?"

"तू काढ ना. तुझ्या सासूपासून सुरुवात कर."

मीच फोन ठेवला. मी!

रविवार, ११ सप्टेंबर

ग्रुपचं नाव मी बदललं. चारजणी ग्रुप सोडून गेल्या.

शुक्रवार, १६ सप्टेंबर

अंतराचा टोमणा मनाला लागला होता. सासूबाईंना वाचून दाखवायला बसले.

उन्हाळ्यात त्या परतूरहून आल्या, सासरे गेल्यावर पहिल्यांदाच. बायडाबाई श्रीपती — स्वतःचं नाव असं दोन शब्दांत सांगतात. शाळा तिसरीपर्यंत. इथे आल्यापासून दिसेल ते पुसत असतात. पहिल्याच दिवशी बाथरूममधलं साबणाचं फूल हातात घेऊन उभ्या होत्या. देवव्रत ऑफिसच्या ट्रेनिंगला सिंगापूरला गेला होता तेव्हा त्याने आणलेलं, लाकडी डबीतलं, पाकळी न् पाकळी कोरलेली. म्हटलं, "साबणच आहे आई, वापरा की." "ऱ्हाऊ दे. ह्यो वापरायचा नसतो," म्हणाल्या आणि डबी पुसून परत ठेवली.

तर वाचन. एका भिक्षूच्या आठवणी मी जीव ओतून वाचल्या. त्यांनी मान डोलावली.

"देवळं आपल्याकडं काय कमी हायेत? रातचं काय लिवलंय ते वाच."

ऐंशीकडे चाललेल्या बाईला रातचं हवंय!

शुक्रवार, २३ सप्टेंबर

नीता गळाली. स्टेडियमवर व्हॉलंटिअर झालीय, ट्रेनिंग आहे. अंतरा गळाली. मुलाची युनिट टेस्ट. "मम्मा, आय कॅन स्टडी अलोन," असं तो मागून ओरडत होता, मी स्वतः ऐकलं! उरलेल्यांचं — "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला." सगळ्या पदवीधर. दोघी इंजिनिअर. टाळ्या वाजवायला दोन्ही हात मोकळे, बॅग उचलायला एकही नाही!

शुक्रवार, ३० सप्टेंबर

आज रद्द करणार होते. श्यामराव भेटले तर काय म्हणतील तेही पाठ करून ठेवलं होतं — "काय वहिनी, कुठवर आलं तुमचं बँकॉक?"

सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्या येते."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

"तुजे सासरे तीन बार गेलेते, बँकॉक-पट्टायाला. खताच्या कंपनीवाले न्यायचे, ज्याचा माल जास्त खपला त्याला. समदे दुकानदार, समदे बाप्ये. आल्यावर आठ-आठ दिस दुकानात बसून खिदळायचे. म्या च्या घेऊन गेले की गप. कप ठिवून मागं फिरले की पुन्ना सुरू. मला कुनी सांगितलं न्हाई, कशाला गप बसायचे. म्या बी इचारलं न्हाई. आता इचारायला मानूस ऱ्हायला न्हाई. तर जाऊन बगावं म्हनते."

इतकी वर्षं भाषणं देतेय. मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली आणि निवडायला बसले.

शनिवार, १ ऑक्टोबर

देवव्रत भडकला. "आईला पट्टायाला? डोकं फिरलंय तुझं! सूक वाकिफच्या बाजारात फिरव तिला, अत्तर घेऊन दे, खलास." मग खालच्या आवाजात — "बँकॉकची देवळं दाखव हवं तर. पट्टाया नको."

आईची काळजी करतो. पण मी ऐकणार नाही.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

तिकिटं झाली. आईंचा व्हिसा महिनाअखेर संपतो आणि एक नोव्हेंबरपासून वर्ल्ड कपच्या कार्डाशिवाय पाहुण्यांना इथे प्रवेश नाही, म्हणून आई तिथूनच मुंबईला जातील. निघायच्या आधीच त्यांनी सगळं घर पुन्हा पुसून काढलं.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर, पट्टाया

काल संध्याकाळी त्या रस्त्यावर गेलो. दिवे, ढोल बडवल्यासारखी गाणी, दारादारात पोरी. त्यांच्यामधून नऊवारी लुगड्यातली माझी सासू! मी आवेशात समजावत होते — हा धंदा कुणी वाढवला, पैसा कुणाच्या खिशात जातो...

"जरा गप बस," आई म्हणाल्या.

एका पोरीने हात जोडून त्यांच्यासाठी प्लास्टिकचं स्टूल आणलं. आई बसल्या. खूप वेळ बघत बसल्या. मग मला म्हणाल्या, "हिला इचार, गाव कोनतं?" ईशान्येकडचं. घरी भातशेती. मोडक्या इंग्रजीत तिने सांगितलं, तसंच मोडकं मी विचारत होते. आईंनी पुढचं विचारलं — "औंदा पाऊस झाला का?" पोरगी म्हणाली, फार झाला. भात पाण्याखाली गेला.

"आन् खत?"

खतही गेलं. आईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला — डोक्यावरून नाही. माझं एवढं तरी ऐकलं होतं!

परतताना म्हणाल्या, "एवढंच व्हय. म्या लई मोठं समजत व्हते."

मला वाटलं, बाई सुटली. डोळे भरून आले. परत गेल्यावर मंडळात हे सांगायचं, असं वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं.

शनिवार, १५ ऑक्टोबर, पट्टाया

बाजारात एका दुकानी आई थांबल्या. "तुजे सासरे ह्येच आनायचे. दर खेपेला." लाकडी डबी उचलली, झाकण काढलं, आतल्या साबणाच्या फुलासकट माझ्या नाकाशी धरली.

"हुंग."

आमच्या बाथरूमचा वास.